तटरक्षक दलाचा पैसा : नेमणुकीचा की उरलासुरला?

(तटरक्षक दिनानिमित्त इंदूर येथे मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



१ फेब्रुवारी या तारखेला आपल्या देशात दोन गोष्टी एकाच दिवशी येतात. एक म्हणजे तटरक्षक दिन. १९७७ साली याच तारखेला भारतीय तटरक्षक दलाचे काम सुरू झाले. दुसरी म्हणजे केंद्र सरकारचा अर्थसंकल्प, जो २०१७ पासून याच तारखेला मांडला जातो. ज्या दिवशी या दलाचे अभिनंदन करायचे, त्याच दिवशी त्याला पुढच्या वर्षी किती पैसे मिळणार हेही जाहीर होते. पण ते वाचतो कोण? आपण आयकराची मर्यादा पाहतो, सोन्यावरचा कर पाहतो, रेल्वेत इंदूरच्या वाट्याला काय आले ते पाहतो आणि वर्तमानपत्र घडी घालून ठेवतो. तटरक्षक दलाचा आकडा कुठल्या तरी परिशिष्टात पडून राहतो.

हा विषय ठरला तेव्हा मंडळातल्या काही जणांनी आम्हाला सरळच विचारले, "अहो, इंदूरला कुठे आलाय समुद्र? आपल्याकडे नर्मदेचे पाणी नळाला वेळेवर आले तरी पुष्कळ!" प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

समुद्र आपल्या दारापर्यंत आलेला आहे

आपल्या मध्य प्रदेशात बीना येथे तेलशुद्धीकरण कारखाना आहे. त्याला लागणारे कच्चे तेल कुठून येते? गुजरातच्या कच्छच्या आखातात वाडीनार नावाचे ठिकाण आहे. तिथे समुद्रात जहाजे उभी राहतात, तेल उतरवतात, आणि ते सुमारे ९३५ किलोमीटरच्या नळातून बीनापर्यंत येते. म्हणजे आपण पंपावर गाडीत तेल भरतो, तेव्हा त्यामागे वाडीनारचा समुद्र असतो. त्या समुद्रावर नजर ठेवायला तटरक्षक दलाचे ठाणे आहे.

पीथमपूरच्या कारखान्यांतून निघालेला माल मुंबईच्या बंदरांतून बाहेर जातो. माळव्यातल्या सोयाबीनची पेंड बोटीनेच परदेशी जाते आणि आपल्या फोडणीत पडणारे पामतेल बोटीनेच येते. समुद्रात आठवडाभर गोंधळ झाला, तर त्याची झळ सियागंजच्या घाऊक बाजारात बसायला फार दिवस लागणार नाहीत. तेव्हा समुद्र लांब आहे हे नकाशापुरते खरे. व्यवहारात तो आपल्या उंबऱ्याशी आहे, आणि म्हणून त्याच्या राखणीचा खर्च हा किनाऱ्यावरच्या लोकांचाच प्रश्न आहे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

दल कसे उभे राहिले

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्यावर तस्करीला ऊत आला होता. सोने, घड्याळे, कापड रात्रीच्या रात्री किनाऱ्यावर उतरत होते. कस्टम्सकडे असलेल्या होड्या तस्करांच्या होड्यांच्या मागे पडत. नौदलाची मोठी लढाऊ जहाजे घड्याळांच्या पेट्यांमागे धाडणे हे तलवारीने भाजी चिरण्यासारखे होते. १९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले. १९७६ साली संसदेने सागरी क्षेत्रांचा कायदा केला आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातील मासे, तेल, खनिजे यांवर देशाने आपला हक्क सांगितला. हक्क तर सांगितला, पण तो राखायचा कोणी?

याचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली होती, तिचे अध्यक्ष होते के. एफ. रुस्तमजी. हे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना नवे नाही. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, मध्य प्रदेशच्या पोलीस दलाचे प्रमुख राहिलेले, चंबळच्या दरोडेखोरांचा बंदोबस्त करणारे आणि पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक झालेले तेच रुस्तमजी. समुद्र नसलेल्या प्रांतात कारकीर्द घडलेल्या माणसाने समुद्राच्या राखणदाराची शिफारस केली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. चंबळच्या घळींत जे शहाणपण लागले, तेच किनाऱ्यावरही लागते : गुन्हा झाल्यावर धावण्यापेक्षा वाटा आधी राखाव्यात, आणि राखणारी माणसे कायमची असावीत.

नौदलाच्या दोन जुन्या जहाजांवर, 'कृपाण' आणि 'कुठार' यांच्यावर, आणि पाच गस्ती नौकांवर हे दल सुरू झाले. १९७८ च्या ऑगस्टमध्ये तटरक्षक कायदा अमलात आला. दल संरक्षण मंत्रालयाखाली आणि त्याचा पैसा मात्र सुरुवातीला अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडून, अशी व्यवस्था होती. तस्करी थांबली तर कस्टम्सचे उत्पन्न वाढेल, तेव्हा खर्चही तिथूनच व्हावा, असा त्यामागचा सरळ हिशोब. आज हा खर्च संरक्षण मंत्रालयाच्या ज्या मागणीला 'नागरी' म्हणतात, तिच्यात दाखवला जातो. सीमेवरचे रस्ते बांधणारी संघटनाही त्याच मागणीत असते. घरात जसे एखादे मूल थोडे या आत्याकडे, थोडे त्या मावशीकडे वाढते, तसे हे दल वाढले आहे.

कायद्याने दिलेली कामे पाहा. समुद्रातल्या तेलविहिरींचे रक्षण, मच्छीमारांचे संरक्षण आणि संकटात त्यांना मदत, समुद्राचे प्रदूषण रोखणे, तस्करीविरुद्ध कस्टम्सला साहाय्य, सागरी कायद्यांची अंमलबजावणी, जीवित आणि मालमत्तेची सुरक्षितता. युद्ध असो की शांतता, ही कामे वर्षाचे ३६५ दिवस चालतात. दलाचे ब्रीद 'वयं रक्षामः' असे आहे. त्या 'वयं'मध्ये आपणही येतो की नाही, हाच आजच्या भाषणाचा विषय.

आपल्या राण्यांची नावे

या दलाने १९८० च्या दशकात घेतलेल्या गस्ती जहाजांची नावे ऐका : जिजाबाई, चांदबिबी, कित्तूर चन्नम्मा, ताराबाई, अहल्याबाई, लक्ष्मीबाई. आपल्या इंदूरच्या अहिल्याबाई समुद्रावर होत्या! ग्वाल्हेरच्या मातीत देह ठेवलेल्या लक्ष्मीबाई होत्या. बेळगावच्या मंडळींना कित्तूर घरचेच. त्या जहाजांचा काळ आता सरला, पण त्यांतल्या 'ताराबाई'ची एक हकीकत सांगण्याजोगी आहे.

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियाहून ॲल्युमिनियमच्या लाद्या घेऊन निघालेले 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज चाच्यांनी पळवले. सतरा खलाशांना त्यांनी तराफ्यावर सोडून दिले. सुदैवाने ते पुढे मच्छीमारांना सापडले आणि वाचले. चाच्यांनी जहाजाचे नाव पुसून दुसरे रंगवले आणि ते अरबी समुद्राकडे निघाले. आपल्या तटरक्षक दलाच्या विमानाने ते हेरले, 'ताराबाई'ने पाठलाग केला, नौदलाच्या 'प्रहार'ने साथ दिली आणि नोव्हेंबरमध्ये ते जहाज पंधरा चाच्यांसह पकडले गेले. जगभर कौतुक झाले. पण पुढे काय झाले? मुंबईच्या न्यायालयात शिक्षा झाली आणि अपिलात ते सुटले. चाचेगिरीविरुद्धचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे त्या वेळी नव्हता. तो २०२२ साली झाला. जहाजाने आपले काम केले होते. मागे राहिला तो कायदा. सरकारी पाठबळ म्हणजे नुसता पैसा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आणखी एक गोष्ट. ज्या दलाने जहाजांना राण्यांची नावे दिली, त्याच दलात महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन का नाही, असा प्रश्न २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला विचारावा लागला. नाव द्यायला खर्च येत नाही. जागा द्यायला मन लागते.

अमात्यांचा सल्ला

आता मूळ मुद्द्याकडे येतो. समुद्रावरच्या दलाला पैसा कसा द्यावा, याचा विचार आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी झालेला आहे. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात त्यांनी सांगितले आहे की, आरमाराच्या खर्चासाठी मुलुखाच्या उत्पन्नातून ठरावीक नेमणूक करून द्यावी. आरमाराने समुद्रावर मिळवलेल्या पैदाशीवर त्याचा खर्च सोपवू नये. तसे केले तर आरमार सावकारांना त्रास देऊ लागेल आणि बंदराचा व्यापारच बुडेल.

किती पुढचा विचार आहे पाहा. राखणदाराला पगार दिला नाही, तर तो एक तर उपाशी मरतो किंवा ज्याची राखण करायची त्यालाच लुटतो. शिवाय अमात्य म्हणतात ती नेमणूक मुलुखातून, म्हणजे घाटावरच्या शेतसाऱ्यातून. समुद्र न पाहिलेल्या कुणब्याच्या धान्यातून आरमाराची शिडे उभी राहावीत, असे त्यांना अभिप्रेत होते.

हा सल्ला पाळला गेला नाही. १७२९ साली कान्होजी आंग्रे वारले. मुलांमध्ये भाऊबंदकी झाली. पेशव्यांनी त्या भांडणात आरमाराची कुलाबा आणि विजयदुर्ग अशी वाटणी होऊ दिली. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांनीच ज्यांची मदत मागितली होती, त्या इंग्रजांनी विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळून टाकले. तुळाजीच्या वागण्याबद्दल दोन मते असतील. पण जळाले ते आरमार मराठ्यांचे होते, आणि त्याच्या जागी दुसरे तसे उभे राहिले नाही.

त्या वर्षांत आपले पूर्वज कुठे होते? ते होळकरांबरोबर, शिंद्यांबरोबर, गायकवाडांबरोबर उत्तरेत होते. नर्मदा ओलांडून ते माळव्यात, ग्वाल्हेरीत, बडोद्यात स्थिर होत होते. त्यांचे लक्ष दिल्लीकडे होते, पाठ समुद्राकडे होती. पराक्रमात ते कुठे कमी पडले नाहीत. पण ज्या समुद्राकडे पाठ होती, तिकडूनच पुढे राज्य गेले. आपण त्याच घराण्यांचे वंशज. तेव्हा समुद्राच्या राखणीला नेमणूक लागते, हे सांगायचा पहिला हक्क आपला आहे असे आम्हाला वाटते.

आधी घात, मग खर्च

स्वतंत्र भारतात काय झाले ते पाहू. १९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरली. कस्टम्स आणि पोलीस खात्यातल्या काही माणसांनी पैसे घेऊन डोळेझाक केली, आणि पुढे न्यायालयात ते दोषी ठरले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. त्यानंतर महाराष्ट्र-गुजरात किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल, कस्टम्स आणि पोलीस यांची संयुक्त गस्त सुरू झाली. तिला 'ऑपरेशन स्वान' असे नाव दिले गेले. आधी नव्हते ते घातपातानंतर आले.

२००५ साली किनारी सुरक्षेची केंद्रीय योजना सुरू झाली. त्यात ७३ किनारी पोलीस ठाणी आणि २०४ नौका मंजूर झाल्या. कागद झाले, ठाणी हळूहळू उभी राहत होती. तेवढ्यात २६ नोव्हेंबर २००८ उजाडले. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका भर समुद्रात ताब्यात घेतली. तिच्यावरचे पाचही खलाशी मारले गेले. मग रबरी होडीतून ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. १६६ जणांचे प्राण गेले.

मग मात्र चक्रे फिरली. २००९ साली किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांच्या पाण्याची सुरक्षा तटरक्षक दलाकडे सोपवली गेली. गांधीनगरला दलाचे नवे प्रादेशिक मुख्यालय झाले. किनाऱ्यावर रडारची साखळी उभारली गेली, पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात आणखी १३१ किनारी ठाणी मंजूर झाली. हे सगळे चांगलेच झाले. पण हेच आधी का झाले नाही? १९९३ आणि २००८ या दोन्ही वेळा आधी माणसे गेली आणि नंतर तिजोरी उघडली. घरात चोरी झाल्यावर कुलूप आणायला धावणाऱ्या गृहस्थाला आपण शहाणा म्हणत नाही.

२०११ साली महालेखापरीक्षकांनी तटरक्षक दलाची खास तपासणी करून अहवाल दिला. गरजेच्या मानाने जहाजे-विमाने फारच कमी, आयुष्य संपलेल्या नौका तशाच चालवलेल्या, २००८ नंतर मंजूर झालेली ठाणी वेळेत सुरू न झालेली, असे त्यात दिसते. किनारी राज्यांच्या बाबतीतल्या अहवालांतही इंधन, दुरुस्ती आणि खलाशी नसल्यामुळे पोलिसांच्या नौका धक्क्याला बांधून राहिल्याच्या नोंदी आहेत. नौका घेण्याच्या समारंभाला मंत्री येतात. डिझेलच्या बिलाला कोणी येत नाही.

आकडे काय सांगतात

आता आजच्या पैशाकडे येऊ. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात दलाला ७,६५१.८० कोटी रुपये होते. २०२५-२६ साठी ते ९,६७६.७० कोटी झाले, म्हणजे सव्वीस टक्क्यांहून अधिक वाढ. त्यातला जहाजे, विमाने वगैरे घेण्यासाठीचा भांडवली भाग ३,५०० कोटींवरून ५,००० कोटींवर गेला. ही वाढ मोठी आहे आणि ती देणाऱ्या सरकारला तिचे श्रेय दिले पाहिजे. आपले हे पत्रक कोणत्या पक्षाचे नाही.

परंतु त्याच वर्षी संरक्षण मंत्रालयाचा एकूण खर्च ६.८१ लाख कोटींचा होता. त्यातल्या शंभर रुपयांमधले तटरक्षक दलाच्या वाट्याला दीड रुपयाहूनही कमी आले. देशाच्या लोकसंख्येने भागले तर माणशी वर्षाला सत्तर रुपयांच्या आत. सराफ्यात एका रात्री एक माणूस भुट्ट्याचा कीस आणि गराडू यांवर याहून जास्त खर्च करतो.

राखायचे किती आहे? सुमारे २० लाख चौरस किलोमीटर पाणी. दलाकडे लहानमोठी दीडशेच्या घरात जहाजे आणि पाऊणशेच्या आसपास विमाने व हेलिकॉप्टरे आहेत. भागाकार केला तर एका जहाजाच्या वाट्याला तीन इंदूर जिल्ह्यांहून मोठे क्षेत्र येते. त्यातही कित्येक नौका लहान, किनाऱ्याजवळ धावणाऱ्या. काही दुरुस्तीला गेलेल्या. २०३० पर्यंत २०० जहाजे आणि १०० विमाने, असे दलाचे उद्दिष्ट आहे. अलीकडे किनाऱ्याची मोजणीही नव्या बारीक पद्धतीने झाली. तिच्यात खाड्या, वळणे, खाचखळगे धरले आणि ७,५१६ किलोमीटरचा किनारा ११,०९८ किलोमीटर भरला. किनारा वाढला नाही. पण चोराला शिरायला किती वाटा आहेत, हे आता आपल्याला नीट कळले.

कामही वाढतेच आहे. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी नौका भरकटून देवगडच्या बंदरात येऊन टेकल्या. २०२१ च्या तौक्ते वादळात पालघरजवळ अडकलेल्या एका बार्जवरून तटरक्षक दलाने १३७ जणांना सोडवले. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ ६४० कंटेनर असलेले 'एमएससी एल्सा ३' बुडाले. त्यावरचे चोवीसही जण वाचले, त्यांतले २१ तटरक्षक दलाने आणि ३ नौदलाने वाचवले. त्याआधी एप्रिलमध्ये गुजरातच्या समुद्रात ३०० किलोहून अधिक अमली पदार्थ पकडले. ते आपल्याच शहरांतल्या पोरांच्या हाती पोचणार नव्हते, असे कोणी छातीठोकपणे सांगेल का? शिवाय डहाणूजवळ वाढवण येथे सुमारे ७६,००० कोटींच्या बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. त्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध आहे, तो वेगळा विषय. पण बंदर झाले की जहाजे वाढणार, आणि त्यांची राखणही वाढणार.

जहाज बाजारात तयार मिळत नाही

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गोवा शिपयार्डशी दोन प्रदूषण-नियंत्रक जहाजांचा ५८३ कोटींचा करार २०२१ च्या जूनमध्ये झाला. त्यातले 'समुद्र प्रताप' पाण्यात उतरले २०२४ च्या ऑगस्टमध्ये. तीन वर्षे गेली ती नुसत्या जलावतरणाला. त्यानंतर यंत्रे, चाचण्या वेगळ्या. मुंबईच्या माझगाव गोदीशी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सहा मोठ्या गस्ती जहाजांचा सुमारे १,६१५ कोटींचा आणि २०२४ च्या जानेवारीत चौदा वेगवान नौकांचा सुमारे १,०७० कोटींचा करार झाला. या जहाजांचे पैसे टप्प्याटप्प्याने काही वर्षे द्यावे लागतात. एखाद्या वर्षी हात आखडला, की गोदीतले काम रखडते, कामगार बसून राहतात, किंमत वाढते आणि जुनी नौका आणखी पाच वर्षे ओढावी लागते. लग्नाचा हॉल ठरवताना जसा विसार देऊन पुढचे हप्ते बांधून घेतो, तसा जहाजाचा पैसा आधी बांधलेला असावा लागतो.

जे यंत्रांचे तेच शिक्षणाचे. दलाच्या स्वतंत्र अकादमीची कोनशिला २०११ साली केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या अझीक्कल येथे बसली. ती किनारा-नियमनाच्या परवानगीत अडकली आणि पुढे मंगळुरूचा विचार सुरू झाला. मधली वर्षे गेली ती गेलीच.

आणि माणसांचा जीव. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पोरबंदरजवळ रात्री एका टँकरवरच्या खलाशाला आणायला गेलेले दलाचे 'ध्रुव' हेलिकॉप्टर समुद्रात पडले. तिघे गेले. चार महिन्यांनी, २०२५ च्या जानेवारीत, पोरबंदरलाच दुसरे 'ध्रुव' कोसळले आणि आणखी तिघे गेले. मग ही हेलिकॉप्टरे कित्येक महिने जमिनीवर ठेवावी लागली. दुसऱ्याचा जीव वाचवायला निघालेल्या माणसाच्या हाती भरवशाचे यंत्र देणे, ही सरकारची पहिली जबाबदारी आहे. तिथे काटकसर करता येत नाही.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, इस्पितळांत खाटा नाहीत, शाळांना छप्पर नाही आणि तुम्ही जहाजे मागता. हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही. म्हणूनच आमची मागणी आंधळेपणाने पैसा वाढवा अशी नाही. मिळालेला पैसा वेळेवर खर्च झाला का, हे आधी विचारले पाहिजे. मार्चअखेर पैसा परत जाणे हा दलाचा आणि देशाचा दोघांचाही तोटा. पण एवढेही लक्षात घ्यावे की हा खर्च केवळ लढाईचा नाही. बुडत्या मच्छीमाराला काढणे, तेलाचा तवंग किनाऱ्याला लागण्याआधी अडवणे, वादळाआधी होड्या परत बोलावणे, ही कामे इस्पितळाच्याच जातीची आहेत.

आपण काय करावे

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही चार मुद्दे ठेवत आहोत. संमत झाल्यास आपल्या खासदारांना आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला ते लेखी पाठवावेत. ही समिती दरवर्षी संरक्षण मंत्रालयाच्या मागण्या तपासते.

पहिला : तटरक्षक दलाच्या भांडवली खर्चाची पाच वर्षांची नेमणूक संसदेपुढे ठेवावी, आणि दरवर्षी मंजूर किती, खर्च किती, कोणते जहाज किती मागे, हे साध्या तक्त्यात सांगावे.

दुसरा : किनारी पोलिसांच्या नौकांच्या इंधन, दुरुस्ती आणि खलाशांसाठी केंद्र व राज्य यांनी मिळून कायमची तरतूद करावी. नुसत्या नौका घेऊन थांबू नये.

तिसरा : मच्छीमार हाच समुद्रावरचा पहिला पहारेकरी आहे. एक लाख मासेमारी नौकांवर संपर्कयंत्रे बसवण्याची योजना २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला सुरू झाली. ती पुरी व्हावी, आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार हेही ठरावे.

चौथा : दलात महिलांना कायमस्वरूपी जागा आणि ठाण्यांवर कुटुंबांसाठी राहती घरे असावीत.

आणि एक काम सरकारकडे न मागता आपले आपणच करायचे आहे. महूच्या छावणीमुळे आपल्या पोरांना लष्कर ठाऊक आहे. तटरक्षक दल ठाऊक नाही. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलाला तिथे नाविक म्हणून जाता येते, पदवीधराला असिस्टंट कमांडंटच्या परीक्षेला बसता येते. पोहायला शिकावे लागते, एवढेच! मंडळाच्या वाचनालयात त्या भरतीच्या जाहिराती लावाव्यात आणि गोव्यातल्या, बडोद्यातल्या आपल्या मंडळांकडून त्या मुलांना मार्गदर्शन मिळावे, अशी आमची सूचना आहे.

मंडळी, आज्ञापत्र लिहिणाऱ्या अमात्यांचा मुलुख मोठा नव्हता, तिजोरी भरलेली नव्हती आणि शत्रू चहूकडे होते. तरी त्यांनी आरमाराची नेमणूक मुलुखावर ठेवावी असे लिहिले. आज मुलुख मोठा आहे, तिजोरीही मोठी आहे. या १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प हाती येईल, तेव्हा सोन्याचा भाव पाहून झाल्यावर आणखी एक ओळ शोधा : तटरक्षक दलाच्या नावापुढचा आकडा. गेल्या वर्षीच्या आकड्याशी तो ताडून पाहा. आणि पटला नाही, तर तसे लिहून कळवा. पत्राचा मसुदा कार्यालयात ठेवला आहे. आज जाताना सही करून जावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद!